टायमिंग बेल्टपर्यंत पोचलेली ऑइल गळती: माझा अनुभव

जुन्या डिझेल गाडीखाली ऑइलचे डाग पडायला लागले. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) कोरडं होतं, म्हणून टायमिंग बेल्टवरचं कव्हर खोललं. हा दात्यांचा पट्टा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवतो. क्रँकचं पुढचं ऑइल सील (तेल अडवणारी कडी) पाझरत होतं आणि बेल्टची कड तेलाने फुगली होती. असा बेल्ट पुसून परत अजिबात बसवू नका! रबर मऊ पडतं, दाते निघतात आणि पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. मेकॅनिकदादांना सांगून सील, बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि मार्गावर ठेवणाऱ्या पुली) सगळं बदललं. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, तोही नवा टाकला. खोलायची मजुरी एकदाच लागते. सीलच्या कडेला ऑइल लावून ते हलक्या हाताने, सरळ ठोकलं. मग स्टार्टर न मारता पान्याने क्रँक दोन फेरे फिरवला. पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा तंतोतंत जुळल्या, तेव्हाच कव्हर लावलं.