योनीमार्गातील बुरशीचा संसर्ग: घरी काय करावे, काय टाळावे

योनीमार्गात कॅन्डिडा नावाची बुरशी थोड्या प्रमाणात अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात असतेच. तेथील लॅक्टोबॅसिलस जीवाणू आम्लता टिकवून तिला आवर घालतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या, गरोदरपण, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा स्टेरॉइड यांमुळे हा तोल ढळला की बुरशी फोफावते. त्यात अस्वच्छतेचा दोष नसतो, म्हणून हा त्रास झालेल्या स्त्रीने मनात अपराधीपणा बाळगण्याचे काहीच कारण नाही.

उपायांपूर्वी लक्षणे नीट पाहावीत. या संसर्गात तीव्र खाज सुटते, योनीमुखाची त्वचा लाल होऊन सुजते, लघवी करताना त्या त्वचेची आग होते आणि फाटलेल्या दुधाच्या गाठींसारखा घट्ट, पांढरा स्राव जातो, ज्याला सहसा वास नसतो. स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असेल, किंवा हिरवट-पिवळा व फेसाळ असेल, तर आजार बहुधा वेगळा असतो आणि त्यावर बुरशीचे औषध चालत नाही. स्वतः केलेले निदान पुष्कळदा चुकते, म्हणून त्रास पहिल्यांदाच होत असेल तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

घरगुती उपायांचे खरे काम बाहेरच्या त्वचेला आराम देणे एवढेच आहे. स्वच्छ सुती कापडाची चौपदरी घडी थंड पाण्यात भिजवून, पिळून, पाच ते दहा मिनिटे योनीमुखावर ठेवली की खाजेचा जोर ओसरतो. बर्फ मात्र थेट त्वचेवर लावू नये. तो भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुवावा, सुगंधी साबण व वाइप्स बंद करावेत आणि न घासता, टॉवेलने हलके टिपून कोरडा करावा. आतले कपडे सुती व सैल असावेत, घामाने किंवा पाण्याने ओले झालेले कपडे लगेच बदलावेत आणि रात्री आतले कपडे न घालता झोपावे.

योनीमार्गाच्या आत घरातील काहीही घालू नये, हे मी आग्रहाने सांगते. लसणाच्या पाकळीने नाजूक अस्तर भाजल्यासारखे होते, टी ट्री तेलाने आग होते, तर व्हिनेगरच्या किंवा अन्य कोणत्याही पाण्याने आतून धुतल्यास उपयोगी जीवाणूही वाहून जातात. दही खाण्यास हरकत नाही, पण ते खाऊन किंवा लावून हा संसर्ग बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल काही हट्टी संसर्गांत डॉक्टर देतात. मात्र ते पोटात गेल्यास विषारी ठरते आणि गरोदरपणी वापरता येत नाही, त्यामुळे त्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

बुरशी जाते ती औषधाने. क्लोट्रिमाझोलची क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी रात्री झोपताना, आडवे होऊन, वापरावी, म्हणजे ती आत टिकते. सकाळी तिचा पांढरा चुरा बाहेर आला तर घाबरू नये, पातळ पॅड लावावा. खाज दोन-तीन दिवसांत थांबली तरी ठरलेला कोर्स पूर्ण करावा. क्रीममुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, म्हणून उपचार संपेपर्यंत संबंध टाळणे बरे. तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळीही पुष्कळदा पुरते, परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि गरोदरपणी टाळावी. त्या काळात सहसा सात दिवसांची क्रीम देतात.

ताप, ओटीपोटात दुखणे, फोड किंवा रक्तस्राव दिसल्यास, अथवा औषध पूर्ण करूनही आराम न पडल्यास, घरी थांबू नये. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा हा त्रास झाला असेल, तर स्रावाचा नमुना तपासून बुरशीचा प्रकार ओळखावा लागतो आणि रक्तातील साखरही पाहून घ्यावी लागते, कारण लक्षात न आलेला मधुमेह कधी कधी याच तक्रारीतून उघड होतो.