रविवारचं आज्जीच्या पद्धतीचं जेवण बिघडतंय? या चुका टाळा

शनिवारी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारातनं पिशवी भरून आणायची, रविवारी सकाळी आईला फोन लावायचा, "आई, पुरणाला गूळ किती घालू गं?", आई म्हणते "डाळीएवढा घाल की", आणि तेवढाच मोजून घातला तरी पुरण पातळ ते पातळच. मग घरात सगळे म्हणतात, आईच्या हाताला चव आहे, आपल्याला काय ते जमायचं नाही. हाताला चव असतेच, त्यात वाद नाही, पण आईचं ते "डाळीएवढा" हे माप होळीच्या पुरणाचं असतं, म्हणजे गुऱ्हाळं नुकतीच चालून गेलेली असतात, गूळ नवा, कडक, कोरडा असतो. तोच गूळ दोन महिने पावसाची हवा पिऊन श्रावणात चिकट झालेला असतो आणि आपण तेच माप वापरतोय. जुन्या घरातल्या बहुतेक पदार्थांचं असंच आहे, मापात महिना धरलेला असतो पण तो कुणी बोलून दाखवत नाही, कारण त्यांच्या वेळेला तो पदार्थ दुसऱ्या महिन्यात कुणी करतच नव्हतं.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातल्या घराघरात होणारे पदार्थ घेऊन सांगते कुठं चुकतं आणि चुकल्यावर काय करता येतं.

गूळ लवकर घालू नका

ही एक चूक तीन पदार्थ बिघडवते. पुरण, खपली गव्हाची खीर आणि पावट्याची आमटी. डाळ किंवा धान्य पूर्ण शिजायच्या आत गूळ पडला की ते शिजायचं थांबतं, मग कितीही शिट्ट्या घ्या. आंबट पण तसंच करतं, चिंच, आमसूल, टोमॅटो सगळंच. म्हणून हिवाळ्यात ओला पावटा येतो त्याची आमटी करताना दाणा बोटानं दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, त्यानंतरच चिंच-गूळ. डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तर हरभऱ्याची डाळ तशीही उशिरा शिजते, अशा वेळी डाळ दोन तास भिजवा आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या, फरक लगेच कळतो.

पुरणाला पावसाळ्यात गूळ डाळीच्या पाऊण पटच घ्या, आटल्यावर चव बघा, कमी वाटला तर वरून घाला. कट, म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी, पूर्ण निथळू द्या, घाईत चाळणीतली डाळ अर्धवट निथळून कढईत टाकतात तिथंच निम्मं पुरण पातळ होतं. आटवताना उलथनं मधे उभं राहिलं की गॅस बंद करा, गार झाल्यावर ते अजून घट्ट होणार आहे हे लक्षात ठेवायचं. आणि पुरण गरम असतानाच यंत्रातनं काढा, गार झालं की गुठळ्या राहतात आणि त्याच गुठळ्या लाटताना पोळी फोडतात.

पातळ झालंच तर बेसन किंवा कणीक घालून घट्ट करू नका, कच्चा वास येतो आणि पोळी चिवट होते. रुंद कढईत पसरून मध्यम आचेवर परत आटवा, बुडाला लागू न देता. कोरडं झालं असेल तर दोन चमचे गरम दूध शिंपडून परत एकदा यंत्रातनं काढायचं. पोळी फुटते म्हणून सगळे पुरणाला दोष देतात पण अर्ध्या वेळा कणीक घट्ट असते, कणीक पुरणाएवढी किंवा त्याच्यापेक्षा जरा सैलच हवी, तेल लावून तासभर तरी झाकून ठेवलेली.

खपलीच्या खिरीत दुसरी एक गडबड होते. गहू रात्रभर भिजवला, सकाळी छान शिजला, गूळ घातला, उकळी आली आणि त्या उकळत्या खिरीत दूध ओतलं की दूध फाटलं. गुळात आंबटपणा असतोच, जुन्या गुळात जास्त. खीर गॅसवरनं उतरवा, कोमट होऊ दे, मग उकळून गार केलेलं दूध घाला आणि त्यानंतर परत गॅसवर ठेवायची नाही. सगळ्यात सोपं म्हणजे दूध आणि तूप ज्याच्या त्याच्या वाटीतच घालायचं, खेडेगावात पंगतीला असंच वाढतात आणि ते मला जास्त आवडतं, गव्हाची चव वेगळी कळते.

शेंगांची पोळी संक्रांतीला कोरड्या थंडीत केली तर सहज होते, पावसाळ्यात तीच तव्याला चिकटते, गूळ बाहेर येऊन जळतो. कारण परत तेच, गूळ ओला. शेंगदाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार होऊ द्या, मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. झालाच गोळा तर भाजलेल्या तिळाचा कूट घालून सारखं करा. खवट वासाचे, काळे पडलेले दाणे आधीच निवडून टाकायचे, एक मूठ वाचवायला जाऊन सगळं सारण कडू होतं, आणि बुरशी आलेला दाणा पोटात जाऊच नये.

चटणी आणि रस्सा

आता रविवारचा मुख्य विषय. आपल्याकडं मटणाचा रस्सा म्हणजे घरच्या चटणीचा, म्हणजे मिरचीच्या तिखट मसाल्याचा, आणि बाहेरनं आणलेल्या पाकिटावर तो होत नाही हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. पण घरची चटणी करताना लोक मिरचीत चुकतात. ब्याडगी रंगाला, तिखटाला नाही. हावेरी जिल्ह्यातली ही मिरची, २०११ मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, गडद लाल, सुरकुतलेली, तिखटपणा कमी. आणि आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची जवारी (गावठी) मिरची बारीक, लांब आणि चांगलीच तिखट. नुसत्या ब्याडगीची चटणी केली की रस्सा लालभडक दिसतो पण खाताना पुळचट लागतो, मग तिखटासाठी चमच्यावर चमचे चटणी पडते आणि रस्सा दाट, पिठूळ होतो. नुसती संकेश्वरी घेतली तर पोरांना एक घास खाववत नाही. निम्मी-निम्मी घेऊन सुरुवात करा, घरात लहान मुलं असतील तर तीन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी. मिरची घेताना देठ हिरवट-पिवळा आहे का बघा, हातात मोडल्यावर कडकन् मोडली पाहिजे, वाकली तर ती अजून ओली आहे, अशी चटणी चार महिन्यात जाळी धरते.

चैत्र-वैशाखातल्या कडक उन्हात वाळवून केलेली चटणी वर्षभर टिकते पण काचेच्या बरणीत खिडकीजवळ ठेवली तर रंग उडतो. उजेड आणि हवा दोन्ही तिला वाईट. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे, रोजच्याला लागेल तेवढी लहान डब्यात काढून घ्या. आणि ओला चमचा कधीच नाही.

रस्सा करताना सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे धूर निघणाऱ्या तेलात चटणी टाकणं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून चटणी तेलातच पडली पाहिजे हे बरोबर आहे, पण तेल जरा निवू द्यायचं, गॅस बारीक, चटणी टाकली की लगेच दोन चमचे गरम पाणी किंवा अळणी (मटण शिजवलेलं पाणी), आणि मग वाटण. असं केलं की तवंग लाल येतो. तेल कडक असेल तर काही सेकंदात चटणी काळी होते आणि सगळा रस्सा करपट, कडू. कडू झालेल्या रश्शाला गूळ, दही, लिंबू कशानंच वळण लागत नाही, वेळ घालवू नका, मटणाचे तुकडे बाहेर काढा, फोडणी फेकून द्या आणि नवीन करा, चार चमचे तेल गेलं तरी जेवण वाचतं. तिखट जास्त झालं असेल तर मात्र उपाय आहे, अळणी आणि थोडं खोबऱ्याचं वाटण वाढवा. बटाटा टाकला की तिखट ओढून घेतो असं सांगतात, मला ते पटत नाही, बटाटा तिखट होतो एवढंच.

मटणाला सुरुवातीला पाणी घालू नका. हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परतायचं, त्याचंच पाणी सुटतं, ते आटत आलं की वर झाकणात पाणी ठेवून तेच गरम झालेलं पाणी आत सोडायचं. मधेच गार पाणी ओतलं की मटण आखडतं आणि शिजायला वेळ लागतो. पांढरा रस्सा फुटतो तो नारळाचं दूध घालून खळखळ उकळल्यामुळं. काजू-खसखशीचं वाटण आधी अळणीत शिजवून घ्या, नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, कडेला बुडबुडे दिसायला लागले की बंद.

भाकरी

भाकरी चिरते म्हणजे पीठ जुनं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, जो काही असतो तो ताज्या पिठात, आणि दळून पंधरा-वीस दिवस झाले की तो जातो, वर चव पण कडसर होते. शाळू ज्वारी घरात ठेवा, पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. पीठ जुनं आहे आणि आजच करायचंय तर उकळतं पाणी पिठाच्या मधे घालून चमच्यानं कालवा, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग हाताला सोसेल तसं जोर लावून मळा. एकदम चार भाकरीचं मळून ठेवू नका, एका भाकरीचा गोळा मळायचा आणि थापायचा.

तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतो ते सुकून पांढरं पडायच्या आत उलटायची. पाणी वाळलं की भेगा पडल्याच. फुगत नसेल तर कड जाड आणि मध्य पातळ झालाय, थापताना हात कडेला जास्त फिरवायचा.

रताळी आणल्या आणल्या उकडू नका

बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावातली रताळी नवरात्राच्या आसपास बाजारात यायला लागतात, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की यंदा रताळी गोड नाहीत. नुकतं काढलेलं रताळं गोड नसतंच. हवेशीर ठिकाणी, उन्हात नाही, आठ-दहा दिवस पसरून ठेवलं की आतल्या पिठाची साखर व्हायला लागते. फ्रीजमध्ये ठेवू नका, आतनं कडक होतं आणि शिजल्यावर पण मधे दगड लागतो. शिजवायची पण घाई नको, कुकरच्या दोन शिट्ट्यात ते मऊ होतं पण गोड होत नाही, हळूहळू गरम झालं तरच पिठाची साखर व्हायला वेळ मिळतो. चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं एवढं गोड लागतं ते याच्यामुळं. घरात जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून बारीक गॅसवर पाऊण तास तरी ठेवा, मग त्याच्या पोळ्या करा, साखर फार घालावी लागत नाही.

पावसाळ्यातल्या रानभाज्या

खानापूरच्या जंगलाकडनं बायका पाटीत टाकळा, भारंगी, अळू, अळंबी घेऊन येतात, दोन-चार आठवड्यांचाच खेळ असतो, त्यामुळं दिसलं की घ्यावं. अळू खाजतं त्यातल्या बारीक सुईसारख्या कणांमुळं, चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवायचं, अर्धं कच्चं ठेवायचं नाही, चिरताना हाताला तेल लावायचं. इथं मात्र आंबट लवकर घातलं तरी चालतं, पान आहे, डाळ नाही. डाळ आणि दाणे वेगळे शिजवून नंतर मिसळा. भारंगीची पानं कडू असतात, उकळून पाणी टाकून द्या.

अळंबीबद्दल मी अगदी कडक आहे. ओळखीच्या, वर्षानुवर्षं विकणाऱ्या माणसाकडनंच घ्या. रविवारी फिरायला गेल्यावर रानात दिसली म्हणून काढून आणायची नाही, फोटोवरनं ओळखायची नाही. विषारी अळंबी शिजवल्यानं, तळल्यानं, चांदीचं नाणं टाकल्यानं कशानंच सुरक्षित होत नाही, आणि काहींचा त्रास सहा-आठ तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो तोवर यकृतापर्यंत गेलेलं असतं. खाल्ल्यावर उलटी-जुलाब सुरू झाले तर घरगुती औषध करत बसू नका, उरलेली अळंबी पिशवीत घेऊन सरळ दवाखान्यात जा.

मापाचं एक सांगायचं राहिलं

आज्जी मुठीनं घालते, आई तिच्या त्या जुन्या पितळी वाटीनं, आणि आपल्याकडची स्टीलची वाटी लहान. पुढच्या वेळी घरी गेलात की आईला तिच्या हातानंच सगळं काढू दे, फक्त भांड्यात पडायच्या आधी किचनच्या काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घ्या, शेजारी महिना पण लिहा आणि किती माणसांचं ते लिहा. पंधरा माणसांच्या रश्शाचं माप चार जणांसाठी सरळ भागून चालत नाही, लहान पातेल्यात पाणी लवकर आटतं, म्हणून मसाला भागून घ्या पण पाणी जरा जास्तच ठेवा आणि मीठ शेवटी बघा.

भाताचं पण तसंच. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला आपला बासमती नवा असेल तर त्याला पाणी कमी लागतं, जुन्याच्या मापानं घातलं की गिच्च गोळा होतो. वाटीभर नव्या तांदळाला दीड वाटी, वर्षभर मुरलेल्याला दोन वाटी पाणी, फार चोळून धुवायचा नाही, वास जातो. उघड्या पातेल्यात शिजवलेला चांगला, कुकरच लावायचा असेल तर एका शिट्टीला बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या.