गावच्या सांडपाणी प्रकल्पात या चुका टाळा

जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ आला आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरले, पण वापरलेल्या पाण्याचा विचार बहुतेक गावांनी नंतरसाठी ठेवला. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावातून रोज सुमारे ८८ हजार लिटर सांडपाणी निघते. कोल्हापूर जिल्ह्याच्या बऱ्याच भागात ते गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पंचगंगेत आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती येथे कोणी विसरलेले नाही. तरीही ग्रामपंचायतींचे प्रस्ताव तपासताना दरवर्षी त्याच चुका समोर येतात, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहीत आहे.

माती न पाहता शोषखड्डा

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, स्वस्त आहे, रोजगार हमीतून करता येतो आणि नांदेड जिल्ह्यातील मॅजिक पिट नावाच्या शोषखड्ड्यांच्या यशाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे कोणत्याही गावाचे अंदाजपत्रक उघडले तरी त्यात चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल असा खड्डा ठरलेलाच असतो. पण शाहूवाडी किंवा राधानगरीच्या जांभ्या मातीत जो खड्डा पाणी पितो, तोच खड्डा शिरोळच्या काळ्या मातीत पाणी धरून बसतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातील भेगा मिटतात. त्यात शिरोळ आणि हातकणंगले भागातील बरीच जमीन उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या पाण्याने क्षारपड झालेली आहे आणि भूजल वर आलेले आहे.

शिरोळ तालुक्यातील एका गावाने पश्चिम भागातील दुसऱ्या गावाचे अंदाजपत्रक केवळ नाव बदलून सादर केले होते. खड्डे एप्रिलमध्ये झाले, फोटो जिओ टॅगिंगसह, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीसह, चढवले गेले आणि बिलेही निघाली. ऑगस्टमध्ये तक्रार आली म्हणून पाहणीला गेलो, तेव्हा एका घरामागे खड्ड्याचे झाकण काढल्यावर पाणी काठोकाठ उभे होते. त्यावर साबणाचा राखाडी थर, भाताची शिते आणि केस तरंगत होते, आणि शेजारच्या गोठ्यातील शेणपाण्याची नळीही त्याच खड्ड्यात सोडलेली होती. घरातील आजोबा म्हणाले, “साहेब, खड्डा वरनं भरत न्हाई, खालनं भरतोय.” त्यांचे निदान अचूक होते. पावसाळ्यात भूजल खड्ड्याच्या तळाच्याही वर आले होते, म्हणजे त्या घराचे सांडपाणी थेट गावाच्या विहिरींच्या पाण्यात मिसळत होते. खर्च वाया गेला, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे यानंतर कोणतीही नवी योजना सुचवली की त्या गावात लोक हात झटकू लागले.

माझी सवय अशी आहे की अंदाजपत्रकाला हात लावण्यापूर्वी गावात तीन-चार ठिकाणी हातभर खोल खड्डा घ्यायचा, तो संध्याकाळी पाण्याने भरून माती पुरती भिजू द्यायची, सकाळी पुन्हा भरायचा आणि पाणी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहायचे. पाणी उतरायचे नावच घेत नसेल, तर त्या वस्तीत शोषखड्डा लिहायचा नाही. सोबत जवळच्या विहिरीची ऑगस्टमधील पातळी जुन्या माणसांना विचारायची, कारण मे महिन्यातील कोरडी विहीर पाहून केलेली योजना पावसाळ्यात खोटी ठरते. अशा गावात बंद नाली करून पाणी एकत्र आणावे आणि गावाबाहेर स्थिरीकरण तळे (पाणी साठवून ते आपोआप निवळू देणारे तळे) किंवा कर्दळ लावलेला पाणथळ गाळणपट्टा करावा. त्याला जागा लागते आणि वेळ लागतो. ज्यांना मार्चअखेर निधी संपवायचा असतो त्यांना हा मार्ग आवडत नाही, पण काळ्या मातीला मार्चअखेर कळत नाही.

माती चांगली असली तरी खड्ड्याआधी गाळ बसण्यासाठी छोटी जाळीची कुंडी हवीच, आणि ती दर पंधरवड्याला उपसायला हवी. गोठ्याचे पाणी शोषखड्ड्यात कधीही सोडू नये. ते शेणखताच्या खड्ड्याकडे किंवा बायोगॅसकडे वळवावे.

निधीचा हिशेब उलटा करणे

दुसरी चूक कागदावरची आहे, पण तिच्यामुळे चांगले प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्यावरील गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठरवण्यात आली. ही कमाल मर्यादा आहे, गावाचा हक्काचा वाटा नव्हे. सरपंच मात्र लोकसंख्येला २८० ने गुणतात, येईल तो आकडा धरतात आणि मग तेवढ्या रकमेचे काम शोधत बसतात. तीन हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने कमाल ८ लाख ४० हजार रुपये येतात, पण त्यातील ३० टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार रुपये, ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालणे अपेक्षित होते. हा भाग विसरलेला प्रस्ताव पंचायत समितीच्या टेबलावरच थांबतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखीव, होता आणि तो पाणी व स्वच्छता यांत निम्मा-निम्मा वाटलेला होता. हा निधी गटारावर फरशी टाकण्यात संपवल्यावर हिश्शासाठी काही उरत नाही. तेव्हा आधी पाणी किती, ते कोठे जाते आणि कोणते काम लागणार हे ठरवावे, ते ग्रामसभेसमोर ठेवून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे, आणि त्यानंतर कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम बसते हे पाहावे. योजनांचे दर व अटी टप्प्यागणिक बदलतात, म्हणून जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षातून चालू मार्गदर्शक सूचना घेऊनच आकडे लिहावेत.

एकाच कामाचे तुकडे करून निविदा टाळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तुकड्यांतून बांधलेल्या नाल्यांचे उतार एकमेकांशी जुळत नाहीत आणि पाणी मधल्या चौकात तुंबते.

धनगरवाड्यांचा प्रस्ताव चुकीच्या दारी

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांतील धनगरवाड्यांसाठी काही उत्साही कार्यकर्ते ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजनेतून मागणी करतात. ती योजना अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी आहे आणि राज्यात धनगर समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे, त्यामुळे मागणी फेटाळली जाते आणि एक वर्ष हातचे जाते. भटक्या जमातींच्या वस्त्यांसाठी वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना आहे, तिची पात्रता आधी तपासावी. वाडा वनजमिनीवर असेल तर आणखी काळजी हवी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सुविधांसाठी वनजमीन देण्याची सोय आहे, पण त्यातील १३ कामांच्या यादीत पिण्याच्या पाण्याची योजना आहे, सांडपाण्याची नाही. शिवाय उतारावर विखुरलेल्या दहा-बारा घरांना सामाईक नाली घालणे हा शुद्ध अपव्यय आहे. तेथे प्रत्येक घरामागे केळी, अळू आणि कर्दळीची परसबाग करावी, मोरीचे पाणी गाळून तिला द्यावे, आणि झऱ्याच्या वरच्या बाजूला काहीही करू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

जागेचा सातबारा आणि गायरान असल्यास त्याची परवानगी हातात नसताना तळ्याची तांत्रिक मान्यता मागू नये.

पूररेषेच्या आत काहीही बांधू नये. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावालाही हे सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

तांत्रिक मदत ठेकेदाराकडून घेऊ नये. पंचायत समितीचे अभियंते आहेत, जिल्हा कक्षातील सल्लागार आहेत, उन्नत भारत अभियानात सहभागी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांना गावात फिरवावे आणि ओढ्यापर्यंत चालत न्यावे.

देखभालीचा माणूस आणि त्याचा पगार ठरल्याशिवाय काम सुरू करू नये. ग्रामपंचायतीला सामान्य स्वच्छता कर आकारता येतो. त्यातून कुंड्या उपसणाऱ्या माणसाचे मानधन निघते, फक्त ते मासिक सभेत ठराव करून बांधून ठेवावे लागते.

सेप्टिक टँकची बाहेर निघणारी नळी गटाराला जोडलेली असेल तर वरील सर्व खर्च व्यर्थ जातो, कारण मैलामिश्रित पाण्यासाठी यातील कोणतीही साधी रचना केलेली नसते. योजनेआधी घरोघर फिरून अशा जोडण्यांची यादी करावी, त्या नळ्या तोडून मातीप्रमाणे योग्य सोय करून द्यावी आणि टाकी साधारण तीन वर्षांनी यंत्रानेच उपसून घ्यावी. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.