सर्जरीत रिसर्च मास्टर्स करायचंय? आधी रकान्याची व्याख्या लिहा

अर्ज, मार्कशीट, शिफारसपत्रं यांबद्दल काही सांगत नाही. इथवर पोचलेल्या माणसाला फॉर्म भरता येतो. फक्त ही पदवी संशोधनाची आहे, हे मनाशी पक्कं असू द्या. ऑपरेशनचा हात बसवायचा असेल तर हा रस्ता नव्हे. इथे बहुतेक वेळ केसपेपर आणि कीबोर्ड.

गाइड निवडताना दारावरची पाटी बघू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढंच विचारा, की मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतो. उत्तराआधी हसू आलं तर दुसरा गाइड शोधा.

विषय लहान घ्या. अजून लहान. आणि आता मुद्द्याचं: जे मोजणार आहात त्याची व्याख्या पहिला केसपेपर उघडण्याआधी लिहून काढा. डोक्यात नको, कागदावर.

मी लिहिली नव्हती. पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत होणारं इन्फेक्शन हा माझा विषय. मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती भरायच्या तक्त्यात, ‘इन्फेक्शन’ असा एक रकाना, खाली होय किंवा नाही. इतकं सोपं वाटलं होतं. चाळिसाव्या केसपेपरात ‘ड्रेसिंग थोडं ओलं’ असं सापडलं, मी ‘होय’ टाकलं. पुढे एकात ‘पाण्यासारखा स्राव, दोन टाके काढले’ होतं, तिथे कंटाळून ‘नाही’. मग प्रश्नचिन्हं टाकायला लागले. ११२ केसपेपरांत २२ प्रश्नचिन्हं! गाइडने चार्ट बघून एकच विचारलं, ‘कितव्या दिवसापर्यंतचं?’ मी डिस्चार्ज कार्डावरच थांबले होते. सगळे ११२ पुन्हा काढले. रेकॉर्ड रूमच्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

वास्तविक हे सगळं ठरलेलं आहे. अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) व्याख्या जगभर वापरतात. वरवरचं इन्फेक्शन ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत धरायचं. खोलवरच्या इन्फेक्शनसाठी काही ठरावीक ऑपरेशनांत ९० दिवस. नुसतं पाणी आलं म्हणजे पू आला असं होत नाही, आणि फक्त टाक्यापाशी पुटकुळी आली तर ती मोजायचीच नाही. म्हणजे माझे निम्मे ‘होय’ गेले. रुग्ण आठव्या दिवशी घरी गेला तर उरलेल्या दिवसांची माहिती कुठून आणणार, हेही व्याख्येशेजारीच लिहा: फॉलो-अपची नोंद, फोन, काय ते.

गुंतागुंतीची तीव्रता मोजायची असेल तर क्लाविएन-डिंडो वर्गीकरण घ्या, २००४ ची आवृत्ती. तिथेही अंदाजाने आकडा टाकू नका. जखम वॉर्डातच पलंगापाशी उघडली तर ग्रेड १, अँटिबायोटिक लागलं तर ग्रेड २, जनरल अ‍ॅनेस्थेशिया देऊन परत ऑपरेशन करावं लागलं तर ३बी. एकाच जखमेचे तीन आकडे होऊ शकतात, कारण रोगापेक्षा काय उपचार करावा लागला हे इथे बघतात. व्याख्या लिहा. लिहिली? मग सहकाऱ्याला दहा केसपेपर द्या, तुम्हीही तेच दहा वेगळे भरा. उत्तरं जुळली नाहीत तर व्याख्या अजून झालेली नाही.

एथिक्स कमिटी, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, विषय संपला. ‘जुनेच तर कागद बघायचेत’ असं म्हणून सुटका नाही. संमतिपत्रातून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, तुम्ही नव्हे. रुग्णांवर उपचाराची चाचणी करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी त्या चाचणीची सार्वजनिक नोंदणी करा, नाहीतर नावाजलेली जर्नलं निबंध परत पाठवतात. २००५ पासून हा नियम आहे, तरी दरवर्षी कोणीतरी रडतं.

संख्याशास्त्रज्ञाकडे डेटा गोळा करण्याआधी जा, नंतर नाही. इन्फेक्शनचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५ वर आलं हे दाखवायचं, तर नेहमीच्या ८० टक्के पॉवरला (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात ४३० हून जास्त रुग्ण लागतात. वर्षभरात एवढे मिळणार नसतील तर प्रश्न बदला. आणि जाताना ती व्याख्या बरोबर न्या. ते पहिल्यांदा तीच मागतात, मी गेले तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

रुग्णांची नावं चार्टमध्ये नको, कोड वापरा, कोडची यादी वेगळी ठेवा. बॅकअप. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

लिहायला घेताना निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, चाचणीला कॉन्सॉर्ट, या काय काय लिहायचं ते सांगणाऱ्या याद्या समोर ठेवा. पद्धतीचं प्रकरण आधी लिहा. व्याख्या तयार असेल तर त्यातला मोठा भाग झालेलाच असतो. चर्चा शेवटी. समास, पानांचे आकडे विद्यापीठ सांगेल तसे. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री झोपा. बाइंडिंगला टाकण्याआधी गोषवाऱ्यातला आकडा आणि तक्त्यातला आकडा एकच आहे ना बघा. माझे वेगळे होते.