माहेश्वरी काठापासून वेबच्या टाइलपर्यंत

इंदुरात वेब डिझाइनच्या कामाला लागलेल्यांनी पार्श्वभूमीच्या टाइलचे, म्हणजे पानभर परत परत मांडायच्या छोट्या चित्रांचे, तयार संच डाउनलोड करण्याआधी घरच्या कपाटातली माहेश्वरी साडी बाहेर काढावी. काठावरची ईंट, चटाई, हिरा ही नक्षी पाहिली की एकच तुकडा कितीदाही मांडला तरी कसा तुटत नाही, ते लगेच कळतं.

नक्षी वेगळी, पोत वेगळा. नक्षीत तोच तुकडा परत आलेला दिसायलाच हवा, मजा त्यातच आहे. पोतात, म्हणजे कापड, कागद, गिलावा किंवा राजवाड्याच्या खालच्या तीन मजल्यांचा दगड, तुकडा परत आलेला दिसला की काम फसलं. नवी मंडळी सांध्यामागे, म्हणजे टाइलला टाइल भिडते त्या रेघेमागे, लागतात आणि हे विसरतात.

सुरुवात ईंटेपासून करा. वीट फटीसकट 64 पिक्सेल रुंद, 32 उंच धरा. टाइल 64 × 64 ची. वरच्या ओळीत एक अख्खी वीट, खालच्या ओळीत तीच 32 पिक्सेल सरकवलेली. कडेला तिचे जे दोन अर्धे दिसतात ते शेजारच्या टाइलशी जुळून पूर्ण होतात. फट 2 पिक्सेलची असेल तर ती विटेच्या फक्त उजव्या आणि खालच्या बाजूला काढायची. टाइलला चारही बाजूंनी रेघ मारली, की आतली फट 2 ची राहते आणि टाइलला टाइल भिडते तिथे 4 ची होते. पानभर जाड चौकटी उमटतात त्या यामुळेच. आणि हो, टाइल चौरसच हवी असा काही नियम नाही. काठाची नक्षी लांबट असेल तर लांबटच ठेवा, ताणू नका.

पोतासाठी फोटो काढताना फोन कापडाला अगदी समांतर धरा. खिडकीतला सावलीचा उजेड पुरतो; फ्लॅशने जरीचे धागे चकाकतात. एका कोपऱ्यात उजेड जास्त असला तर सांधा कितीही साफ केला तरी पानावर बुद्धिबळाचा पट दिसतो. म्हणून आधी उजेड सपाट करा: फोटोशॉपच्या हाय पास फिल्टरमध्ये 60 ते 100 पिक्सेलपासून सुरू करून पाहा. रंग करडा पडेल. तो नंतर वरून रंगाचा थर देऊन परत आणता येतो.

मग 512 × 512 चा तुकडा कापा आणि चित्र सरकवणाऱ्या ऑफसेट फिल्टरमध्ये आडवे-उभे दोन्हीकडे 256 द्या, रॅप अराउंड (एका कडेने बाहेर गेलेलं समोरच्या कडेने आत येतं) चालू ठेवून. कडेचे सांधे मधोमध अधिकच्या चिन्हासारखे येतात. ते क्लोन किंवा हीलिंग ब्रशने बुजवा, पण बाहेरच्या कडांना हात लावू नका; त्या आता जुळलेल्या आहेत. गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये ऑफसेट लेअरच्या ट्रान्सफॉर्म मेनूत आहे. क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र चहूकडे पसरलेलंच दिसतं, शिकायला ते फार सोयीचं.

नंतर 5 × 5 टाइल मांडून डोळे किलकिले करून पाहा. एखादा डाग, सुटलेला धागा, गडद गाठ लगेच रांगेत उभी राहते. असं वैशिष्ट्य काढूनच टाकायचं. तरी लय दिसली तर टाइल 1024 ची करा, फाइल जड होईल हे धरून.

तपासणी फोटोशॉपसारख्या प्रोग्रामच्या आत नको, निर्यात केलेल्या फाइलवर करा. जेपीईजी 8 × 8 च्या ठोकळ्यांत दाबलं जातं. दर्जा फार उतरवला तर बुजवलेला सांधा परत डोकावतो. सपाट रंगांच्या नक्षीला पीएनजी किंवा एसव्हीजी (पिक्सेलऐवजी आकारांनी बनलेली फाइल) बरं. एसव्हीजीत मापं पूर्णांकी ठेवा, आणि ब्राउझर 110 व 125 टक्क्यांवर झूम करून पाहा. केसाएवढी रेघ दिसली तर टाइलच्या मागे त्याच रंगाची पार्श्वभूमी द्या. दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी 400 पिक्सेलची टाइल सीएसएसच्या बॅकग्राउंड-साइझने 200 वर आणायची.

वर मजकूर येणार असेल तर 4.5 : 1 हा अक्षरं-पार्श्वभूमीतला किमान कॉन्ट्रास्ट टाइलच्या सरासरी रंगाशी मोजून भागत नाही. काळ्या अक्षरांसाठी तिच्यातला सर्वांत गडद ठिपका धरा, पांढऱ्यांसाठी सर्वांत उजळ.

पोर्टफोलिओत सुटी टाइल कुणी बघत नाही. तिचा पसारा आणि मजकुरासकट एक खरं पान ठेवा. नाव देताना मात्र जपा: माहेश्वरी हे नाव जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशक, नोंदणीचं आहे, टाइलचा संच त्या नावाने विकायला काढू नका.