जिताड्यासाठी सॉफ्ट प्लास्टिक वापरताय? मग रॉड-रील असं निवडा

यूट्यूबवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघून जसाच्या तसा सेटअप मागवणारे खूप जण आहेत, पण ते लोक तलावाच्या गोड्या पाण्यात लार्जमाउथ बास पकडतात आणि आपण गरवतो वसई, उरण, करंजाच्या खाऱ्या पाण्यात, तेही जिताड्यासाठी, मधेच कधी तांबोशी नाहीतर रावस लागला तर लागला. सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबरी नकली आमिष) तेच, जिगहेड (वजन जोडलेला गळ) तेच. पण इथे भरती-ओहोटीची ओढ आहे, कालवांनी भरलेले दगड आहेत आणि तिवरांची मुळं आहेत, त्यामुळे सगळा हिशोब बदलतो.

आधी रॉड नाही, वजन ठरवा. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते तेव्हा ७ ते १० ग्रॅमचा जिगहेड चालून जातो, उधाणाला मात्र १४ नाहीतर २१ ग्रॅम लावावा लागतो, नाहीतर शॅड (माशाच्या आकाराचं सॉफ्ट प्लास्टिक) तळाला टेकायच्या आधीच वाहून जातो. त्यात चार इंची शॅडचं स्वतःचं वजन धरायचं, हे बरेच जण विसरतात. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात ल्युअर वेट, म्हणजे रॉडला झेपणारं आमिषाचं वजन, छापलेलं असतं, तिथे ७-२८ ग्रॅम किंवा त्याच्या आसपास दिसलं की तो आपल्या कामाचा.

लांबी ७ फूट, पॉवर (रॉडची ताकद) मिडियम किंवा मिडियम हेवी, ॲक्शन (रॉड कुठून वाकतो ते) फास्ट, म्हणजे टोकाकडेच वाकणारा. फास्ट कशाला, तर जिताडा बहुतेक वेळा शॅड खाली पडत असतानाच घेतो आणि हाताला लागते ती फक्त एक बारीक टक, ढिल्या टोकाच्या रॉडवर ती कळतच नाही. शिवाय त्याचा जबडा कडक, गळ बसवायला रॉडच्या मधल्या भागात दम पाहिजे. दुकानात नुसता हवेत हलवून काही समजत नाही. रील लावा, लाइन सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवा, टोकाला जिगहेड बांधा आणि कोणालातरी हळूच ओढायला सांगा, वरचा पाव ते एक तृतीयांश भाग वाकून पुढे रॉड ताठ राहिला तर ठीक. गाइडच्या रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर रिंगला तडा आहे, तिथे ब्रेड (विणलेली लाइन) कापला जाणार. टेलिस्कोपिक रॉड लोकलमध्ये न्यायला सोयीचा असतो हे मान्य, पण या कामाला नको, दोन तुकड्यांचा कार्बन रॉड घ्या, तोही डब्यात उभा मावतो.

रील स्पिनिंगचंच, ३००० किंवा ४००० साइज. बेटकास्टर (आडव्या स्पूलचं रील) दिसायला भारी, पण समोरून खारा वारा आणि हातात १० ग्रॅमचा जिग, म्हणजे अर्धी संध्याकाळ गुंता सोडवण्यात. गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीत लाइन गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो ते) ५ ते ६ च्या आसपास पुरे, फार फास्ट रीलने शॅड नकळत वर उचलला जातो. डब्यावर बेअरिंग किती लिहिलेत ते सोडा, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) बघा, लाइन ओढल्यावर झटके न देता सलग सुटली पाहिजे. २० पाउंडच्या ब्रेडला साधारण दोन ते सव्वादोन किलोवर ड्रॅग लावायचा, बॅग मोजायचा हुकवाला काटा असतो ना, त्यावर बघून घ्या.

ब्रेड पीई १.५ (पीई म्हणजे ब्रेडच्या जाडीचा नंबर) बस झाला, मुळांजवळ टाकणार असाल तर २. पुढे ३० ते ४० पाउंडचा लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड लाइनचा तुकडा) हवाच, दीड-दोन हात लांब, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं धारदार असतं आणि तोंड खरखरीत. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नॉट शिका, घरी बसून शिका, अंधारात खडकावर नाही.

बजेट कमी असेल तर माझं मत, रॉड मधल्या किमतीचा घ्या आणि उरलेले पैसे रील-लीडरवर घाला, मधल्या किमतीतले कार्बन रॉड बऱ्यापैकी काम देतात पण स्वस्त रील खाऱ्या पाण्यात लवकर करकरायला लागतं. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराचा फवारा मारला तर मीठ आत जातं, मग पुसून ड्रॅग सैल करून ठेवा.