रोमन सम्राज्ञींची चांदीची नाणी ओळखायची कशी?

नाणं सुमारे 18 मिलिमीटरचं आणि 3 ते साडेतीन ग्रॅमचं असेल, तर बहुधा देनारियस, म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं. कडेनं धरा, तिरप्या उजेडात भिंगातून पाहा. 'आधी सोड्यानं घासून चमकवा' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. अक्षरं झिजली की ओळखायला उरतंच काय?

दर्शनी बाजूवरचा मजकूर बहुतेकदा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. यूच्या जागी व्ही असतो.

खरी अडचण फौस्तिना नावाच्या दोन सम्राज्ञींची. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो. थोरली सम्राट अँटोनायनस पायसची पत्नी. धाकटी तिची मुलगी, सम्राट मार्कस ऑरेलियसची पत्नी. चेहऱ्यावरून ओळखा म्हणतात, पण झिजलेल्या नाण्यावर मायलेकी सारख्याच दिसतात. नाण्यावरच्या लॅटिन मजकुरात 'दिवा' म्हणजे मृत्यूनंतर देवत्व मिळालेली. ते दिसलं की थोरली, हा नियमही चुकीचा आहे, कारण देवत्व दोघींना मिळालं. थोरली इ.स. 140 च्या सुमारास वारली आणि नवऱ्यानं 161 पर्यंत तिची नाणी पाडली, म्हणून 'दिवा'वाली नाणी तिचीच जास्त सापडतात, एवढंच. नावानंतर 'पिया' (धर्मनिष्ठ) असेल तर धाकटी. 'फिल' असेल तरी धाकटी, कारण ते 'फिलिया', म्हणजे मुलगी, याचं संक्षिप्त रूप; इथे पायसची मुलगी. नुसतं 'फौस्तिना ऑगस्टा' (ऑगस्टा ही सम्राज्ञीची पदवी) असेल तर केस पाहा: थोरलीच्या वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळलेल्या, धाकटीचा अंबाडा मागे, मानेच्या बाजूला. माझा भरवसा केसांवरच जास्त, कारण अक्षरं पुसली तरी अंबाड्याची कड उरते.

मागच्या बाजूला बहुधा गुणमूर्ती असते, म्हणजे एखादा गुण स्त्रीरूपात दाखवलेला. आधी तिचे हात पाहा, मग मजकूर. पदर चेहऱ्याकडे ओढणारी पुडिसिटिया, म्हणजे शालीनता. मुलं घेतलेली फेकुंडिटास, सुफलता. फळाफुलांनी भरलेलं शिंग दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका, ते अनेकींच्या हाती असतं. दुसरा हात ठरवतो: उथळ तबक असेल तर बहुधा कॉन्कॉर्डिया, सलोखा, दोन साप गुंडाळलेली काठी असेल तर फेलिसिटास, सौभाग्य, सुकाणू असेल तर फॉर्च्युना, नशीब. पायाशी मोर असेल तर ती गुणमूर्ती नव्हे, जुनो देवी.

शेवटी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणे-अभ्यास संस्थेच्या 'ओक्रे' या रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या मोफत ऑनलाइन सूचीत शोधा. दोन्ही बाजूंचा मजकूर आणि केशरचना जुळली, तरच नाण्याच्या पाकिटावर सूचीतला क्रमांक लिहा.